पालकाचा रस आणि एक गिऱ्हाईक

ती. ताईस, काउंटरच्या आतूनच वाकून नमस्कार.

तू बरी आहेस ना? भावोजी बरे आहेत ना? (दुसरा प्रश्न निव्वळ रीत म्हणून विचारला आहे, त्यात काही शोधू नकोस.) मी ठीक आहे, म्हणजे जेवण जात नाही आणि गिऱ्हाइकांना सुटे पैसे दोनदा परत देते, एवढंच. पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरचं टपाल कोण उघडतं ते तुला माहीत आहे.

झालंय असं, की माझ्या औषधाच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं. नाव सांगणार नाही. गिऱ्हाइकाचा आजार गिऱ्हाइकाच्या मालकीचा, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, आणि तो मी आजवर मोडलेला नाही. तर या गृहस्थांच्या पायात रक्ताची गुठळी झाली. घरी सांगितलं, पाय मुरगळला. का, तर बायको काळजीने अर्धी होईल. मग रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. तिचं नि हिरव्या पालेभाजीचं हाडवैर (भाजी फार झाली की गोळी हरते). आणि यांची बायको यांना रोज सकाळी पालकाचा रस पाजते! बरं, तोही मोजून नाही. मायेचं भरतं आलं की दोन पेले, घाई असली की अर्धा, आणि तू माहेरी गेलीस की शून्य. (ती बाई माहेरी गेली की, असं वाच. खाडाखोड केली तर तू उजेडात धरून वाचतेस, म्हणून तसंच ठेवलंय.) रक्ताचा रिपोर्ट दर वेळी वेगळा, डॉक्टर हैराण, आणि हे महाशय डॉक्टरांनाही रसाचं सांगत नाहीत.

मी खडसावलं, तर म्हणाले, "रस नको म्हटलं तर ती कारण विचारेल. आणि तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही गं." (चार महिने बोलतायत!)

मग मी आडवाटेला लागले. मागच्या महिन्यात तुझा मिक्सर नेला, तो माझा बिघडला म्हणून नव्हे. तू दुसऱ्याच दिवशी त्याहून मोठा आणलास. भाजीवालीला सांगितलं, आमच्या ताईला पालक संपला म्हणत जा. तिला वाटलं, तुमची ओढाताण चाललीय. तिने दोन जुड्या फुकट घरपोच केल्या. या गोष्टींचा त्या गिऱ्हाइकाशी काय संबंध, असं विचारशील, तर काहीही नाही.

ताई, मला खरंच भीती वाटते. सांगावं तर विश्वास मोडतो. उद्या लोक आजार लपवून दुसऱ्या दुकानात जातील, आणि तिथे रस पिता का असं विचारणारंही कोणी नसेल. न सांगावं, आणि गुठळी पायातून वर सरकली तर? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी पांढरा कोट घालून उभी. ते गृहस्थ समोरून गेले की मी चेहरा बघत नाही, पाय सुजलाय का ते बघते. अशा वेळी औषधवालीने काय करावं, ते तू मोठी म्हणून सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. हे गिऱ्हाईक म्हणजे भावोजी नव्हेत.

ता. क. २ रस एकदम बंद करू नकोस, त्यानेही गोळीचा तोल जातो. आधी डॉक्टरांना विचार. (त्या बाईला सांगते आहे.)

ता. क. ३ हेच पत्र थोडा फेरफार करून भावोजींच्या ऑफिसच्या पत्त्यावरही पाठवलं आहे. त्यात गिऱ्हाईक बाई आहे, तिला घरी न सांगता डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत, आणि तिचा नवरा रोज संध्याकाळी तिच्यासाठी प्रेमाने मिठाईचा पुडा आणतो. नाव त्यातही लिहिलेलं नाही. मी कोणाचंही गुपित कोणालाही सांगितलेलं नाही.