ओल्या फडक्याखालचे घोडे

३ जुलै
पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या रस्त्याला हा बंगला. मालक मुंबईत, किल्ल्या माझ्याकडे. शाळा चौथीपर्यंतच झालेली. बाकीचं लिहिणं कुवेतला ट्रकच्या केबिनमध्ये गिरवलं. आता म्हातारपणी नुसतं घर राखायचं, म्हणजे चैनच की! सोबत नात उझ्मा, सहा वर्षांची. तिची आई, माझी लेक आयशा, महाडच्या दवाखान्यात बाळंत झालीय. मुलगा झाला. पोरीला तोवर नानाच्या गळ्यात बांधलंय.
दिवाणखान्यात भिंतीलाच चिकटवलेलं मोठं चित्र आहे. पाण्याच्या रंगातलं. डोंगर, धुकं, ओढा. वर काच नाही. मालकाने बजावलंय, कोरड्या फडक्यानेच झटकायचं.

६ जुलै
चित्राला बुरशी धरली. आपल्याकडे पावसात चपलेलाही दाढी फुटते, तिथे कागदाचं काय! कोरड्याने निघेना, म्हणून ओलं फडकं फिरवलं. हिरव्या रंगाखालून घोड्याचं डोकं वर आलं! उझ्मा टाळ्या पिटत ओरडली, नाना, अजून काढा. मग कड्यात एक, धुक्यात एक, ओढ्याकाठी एक. मोकळ्या आयाळीचे रानघोडे. झाडलोटीला येणारी रंगूबाई म्हणाली, चाचा, भिंतीतून घोडं कसलं काढताव, माझ्या गोठ्यात या, शेण काढायचं हाय.
मालक ओरडेल खरा. पण पोर इतकी हसली, की हात थांबेना.

९ जुलै
ओढ्याकाठच्या घोड्याचं नाव ठेवलंय बादल. उझ्मा ओल्या बोटाने त्याचं नाक पुसत बसते. घोड्यांच्या माना आधी डोंगराकडे होत्या ना? आता तिच्याकडे वाटतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

१० जुलै
बादल नाही. तिथे कोरा कागद, घोड्याच्याच आकाराचा. फरशीवर हिरवट पाण्याचे खुरांचे ठसे, चित्रापासून दारापर्यंत.
रंगूबाईने केरसुणी तिथेच टाकली. चाचा, पोरीला आजच्या आज महाडला न्या, हितं ठेवू नका, म्हणाली. पण घाटात दरड आलीय. रस्ता मोकळा झाला की निघतोच.

११ जुलै
उझ्मा नाही. चहा ठेवायला आत गेलो, तेवढ्यात —
रान पालथं घातलं. घसा बसला. अंगणात बादल उभा आहे. पावसात भिजतोय. त्याचा रंग उतरत नाही.
चित्रातली कोरी जागा भरलीय. पिवळा फ्रॉक. दोन वेण्या. भोवती घोडे.

११, दुपार
पाण्याने घोडा निघाला, तर माझी पोर का नाही? ओलं बोट हळूच तिच्या पावलाला —
पावलाचा नुसता रंग माझ्या बोटावर आला. चित्रात आता पाऊल नाही.
तिचं तोंड मिटलेलं होतं. आता उघडं आहे.
भिंतीला कान लावला. लावायला नको होता.

१२ जुलै
छप्पर गळतंय. ओघळ बरोबर तिच्या डोक्यावर. कागद सुटत नाही, ओढला तर फाटेल. छत्री धरली, चिंध्या कोंबल्या. डाव्या तळव्याने अडवतोय, उजव्याने लिहितोय.
रंगूबाई खिडकीतूनच बोलली. आत येत नाही. म्हणाली, रस्ता सुटला, आयशाला निरोप धाडला, बाळाला घेऊन निघाली हाय.
घोड्यांच्या माना दाराकडे वळल्यात.
गाडी वाजली —
आयशा, बाळाला आत आणू नकोस. केस पूस, हात पूस, मग ये. आणि बेटा, तिला बघून रडू नकोस, जवळ येऊन एक थेंबसुद्धा —