सगळंच गोठवायचं नसतं

बाबा,

आई अजून शुद्धीवर नाही. मी परत दवाखान्यात जातेय. शिजवलेली भाजी वरच्या कप्प्यात आहे, तेवढीच गरम करून खा. कच्चं मटण खाली झाकून ठेवलंय. ते वितळलंय, आता परत फ्रीजरमध्ये टाकू नका.

जन्म बर्फाच्या कारखान्यात गेला म्हणून सगळंच गोठवायचं नसतं हो! पालेभाजीचा चिखल झाला होता, तो मी फेकला. आईच्या इन्शुलिनच्या बाटल्याही फेकल्या. एकदा गोठलं की त्यातला दम जातो, आणि तुम्ही रोज तेच वितळवून तिला टोचत होतात.

बाटल्या मीच फ्रीजरमध्ये ठेवल्या, असं डॉक्टरांना सांगितलंय. आई शुद्धीवर आली तर तिलाही तेच सांगणार आहे. तुम्ही मध्ये बोलू नका.