इराला दुखतंय

२ मार्च २००९, अजमान

शैलेंद्र भरदुपारी घरी आला. नोकरी खलास! अख्ख्या डिपार्टमेंटला घरी पाठवलं. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा. दारात बूट घालूनच उभा होता.

आत इरा पडून होती. साडेचार वर्षांची पोर. पोटातली गाठ आता हाडांत गेलीये. डॉ. सुजाता मागच्या आठवड्यातच म्हणाल्या, "बरं करणं आता आपल्या हातात नाही. दुखू न देणं आहे."

५ मार्च

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फीनवरून आम्ही दोघं भांडलो. शैलेंद्र म्हणाला, "एवढ्याशा पोरीला नशेचं औषध? दुखत असतं तर सांगितलं नसतं का तिने?"

मी सारखी विचारते. "नॉट पेनिंग, आई." दरवेळी तेच. पण उचलायला गेलं की अंग आखडून घेते.

८ मार्च

अल ऐनच्या हॉस्पिटलात, डॉ. सुजातांकडे.

त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बसवलं. आत फक्त त्या, नर्स मरियमबी आणि इरा; दार अर्धं उघडं होतं, आम्हाला सगळं दिसत-ऐकू येत होतं. लहान मुलांना चेहऱ्यांचा तक्ता दाखवतात — हसरा, मग उदास, मग रडका. इराने थेट शेवटच्या, ढसाढसा रडणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मरियमबीने विचारलं, "मम्मी को क्यों नहीं बताया, बेटा?"

"आई गोज इन द बाथरूम अँड क्राइज. बाबा इज ऑल्सो सॅड."

माझी पोर! तीच आम्हाला सांभाळत होती.

शैलेंद्र कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसला. मग उठून आत गेला. "द्या ते औषध." डॉक्टर म्हणाल्या, "व्यसनाची भीती बाळगू नका. तिला झोप लागेल."

गाडीत तिला जवळ घेतलं. म्हटलं, "दुखलं की सांगायचं. आई रडली तरी चालेल. आई रडते आणि परत येते." तिने विचार केला. "प्रॉमिस?"

९ मार्च

पहिला डोस शैलेंद्रनेच दिला. इरा झोपली — पाय पसरून! आम्ही दोघं नुसते त्या पायांकडे बघत बसलो.

१४ मार्च

डोसला उशीर झाला. आतून जोरात हाक — "बाबा! इट्स पेनिंग! लवकर!" शैलेंद्र धावला. नंतर किचनमध्ये येऊन म्हणाला, "प्रमिला, मला हाक मारली तिने." आणि ओट्याशी उभा राहून रडला. मी दार लावलं नाही; इराला ऐकू गेलं तरी चालेल.

१९ मार्च

सासूबाई फोनवर — "पुण्याला घेऊन या तिला." डॉक्टर म्हणतात, विमानप्रवास झेपणार नाही. शैलेंद्रच्या ऑफिसातले विजयकुमार व्हिसा रद्द करायचे कागद मुद्दाम दाबून बसलेत, आम्हाला इथे राहता यावं म्हणून. "आरामसे, हबीबी," एवढंच म्हणाले.

२३ मार्च

खेळली! बाहुलीला इंजेक्शन दिलं, वर तिलाच ओरडली, "डोन्ट मूव्ह!" शैलेंद्र हसला. मीपण. हसल्याचं मागाहून लक्षात आलं.

२७ मार्च

इरा गेली. दुपारी, कलिंगडाच्या दोन फोडी खाऊन शैलेंद्रच्या मांडीवर पडली होती. झोपलीये असंच वाटलं; झोपमोड नको म्हणून आम्ही दोघं कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत होतो.