चिमणी एकाच बाजूनं चावते

३ जून
ती. आईस,
सा. न. वि. वि. चिमणी एकाच बाजूनं चावते, हे तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंस. मी दिवसभर तेवढीच ओळ वाचतेय. कारखान्यात आज दोन बाह्या उलट्या शिवल्या. मुकादमीण म्हणाली, बाई, जीव कुठं ठेवून आलीस? महिनाअखेरीपर्यंत रजा नाही. दुधाचे दात पडायचेच, हे तुझं पालुपद पुरे. नातीला दातांच्या डॉक्टरकडे ने.
जीव टांगणीला लागलेली,
तुझी लेक

८ जून
चि. लेकीस अनेक आशीर्वाद.
दोन बस बदलून नेलं. डॉक्टरीणबाई गोड बोलत होत्या, पण चिमणीनं तोंडाला कुलूपच घातलं. गाल सुजलाय. आत पू झाला असणार म्हणाल्या. औषध दिलंय, बुधवारी पुन्हा बोलावलंय. आता टाळलंत तर पोरीला भारी पडेल, असंही बजावलं.
खरं सांगू? जेवताना हट्ट केला की मीच म्हणायची, तोंड उघड, नाहीतर दातांचा डॉक्टर पकडीनं सगळे दात उपटेल. म्हणून पोरीनं महिनाभर दुखणं लपवलं, तेही माझ्यापासून. घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. दर घटकेला तिच्या कपाळाला हात लावते.
तुझी अपराधी आई

११ जून
ती. आईस सा. न.
आधी चिडले, मग आठवलं, मलाही तू हेच सांगायचीस. माझी उजवी दाढ वर्षभर ठणकतेय. तुलाही बोलले नाही. उद्या बुधवार. कामात हात चालेना.
लेक

१४ जून
चि. लेकीस आशीर्वाद.
बुधवारी खुर्चीत आधी मीच बसले. तुझ्यासमोरही कधी काढली नाही, ती कवळी काढून चिमणीच्या हातात दिली. म्हटलं, डॉक्टर दात उपटत सुटतो ही माझी थाप. मीच भित्री, वेळेवर गेले नाही, म्हणून हे उसने दात. तिनं ती उलटीपालटी करून बघितली. मग विचारलं, आजी, दुखत होतं तेव्हा कुणाला सांगितलंस? म्हटलं, कुणालाच नाही. तशी माझं बोट धरून खुर्चीत चढली आणि आ केला.
दाढ काढावी लागली. सुईला रडली, पण सूज उतरलीय. आता दारी येईल त्याला तोंड उघडून खिंडार दाखवते.
तुझं पत्र आजच आलं. महिनाअखेरीला तू येशील त्या दिवसाची डॉक्टरीणबाईंकडे तुझी वेळ घेऊन ठेवलीय. चिमणी म्हणते, आई घाबरली तर तिचा हात मी धरीन.
रागव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.
तुझी बोळकी आई