हारुनने सांगितलेल्या शर्यतीचा खरा रिपोर्ट

बर दुबई,
फेब्रुवारी १९६८

मुहतरम मामूजान यांच्या खिदमतीत भाचा शौकत याचा अदबीनं सलाम. मुमानींच्या गुडघ्यांना, तुमच्या दम्याला आणि घरातल्या लहानथोरांना अल्लाह आराम देवो. (दम्याला आराम म्हणजे दमा जावो. वाक्य लिहून झाल्यावर उलटं वाटलं, पण एअरमेलच्या पातळ कागदावर खोडलं की मागची बाजू वाचता येत नाही.) मी इथे खुशाल आहे. हात, पाय, डोकं, सगळं जागच्या जागी आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण हारुन मागच्या बोटीनं रजेवर आला आणि आतापावेतो तुमच्या ओट्यावर बसून तीन कप चहा पिऊन गेला असणार. त्यानं काय काय सांगितलं असेल ते मला इथे बसून ऐकू येतंय.

शौकत मोटारींच्या शर्यतीत उतरला, त्यानं गाडी समुद्रात घातली, हेच ना? आणि तुम्ही मुमानींकडे बघून म्हणाला असाल की अशा माणसाच्या हाती आपली लेक अन्वरी देणं नाही. मंगनीच्या दिवशीच तुमची अट होती: मुलगी भित्री आहे, शर्यतीत कधी गाडी चालवणार नाहीस असं कबूल कर. मी सगळ्यांदेखत कबूल केलं. हारुनचं ऐकलंत तसं आता माझंही ऐका आणि मग काय तो निकाल द्या. लग्न मोडलं तर मी काय करीन मला ठाऊक नाही, म्हणून हा एवढा कागद काळा करतोय.

पण आधी एक विचारतो, रागावू नका. हे वेड मला लावलं कोणी? मी दहा वर्षांचा होतो. तुम्ही मुंबईत टॅक्सी चालवत होता. अम्मीला सांगितलंत, पोराला माहीमच्या दर्ग्याला नेतो, आणि टॅक्सी थेट जुहूला, विमानांच्या पट्टीवरच्या शर्यतीला. तुमच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला, तो अजून कानातून गेलेला नाही. परतताना तुम्ही वाटेतल्या मिठाईवाल्याकडून शिरणी घेतलीत, पुरावा म्हणून. अम्मीनं ती डोळ्यांना लावून खाल्ली. (अल्लाह माफ करो. तुम्हाला आधी, मला नंतर, मी लहान होतो.) त्या दिवसापासून मी वही ठेवली. कोणती गाडी, कोण ड्रायव्हर, कितवा नंबर. शाळेत अकबराचा सन चुकायचो, पण जुहूचा दुसरा नंबर कोणाचा ते झोपेतही सांगायचो.

इथे आल्यावर वाटलं होतं, खलास, वाळूत कसली शर्यत. मी खाडीपलीकडच्या डेरा बाजारात स्पेअर पार्ट्सच्या दुकानाचा स्टोअरकीपर, दिवसभर पिस्टन रिंगा मोजायच्या. पण तेलाच्या कामावरचा एक अमेरिकन पार्ट्स घ्यायला यायचा. त्यानं एकदा जुन्या मासिकांचा गठ्ठा दिला आणि माझी झोप उडाली. मामू, त्या देशात आपल्यासारख्या साध्या घरगुती मोटारी पळवतात. ज्या गाडीतून सोमवारी भाजी आणायची तीच रविवारी शर्यतीला. म्हणे स्टॉक कार. गोल रस्ता, चाळीस गाड्या, आणि धक्काबुक्की तर अशी की आपल्याकडच्या लग्नात बिर्याणीच्या पातेल्याजवळही होत नाही. मी ती मासिकं इतक्यांदा वाचली की अमेरिकनाला त्याच्याच गाववाल्या ड्रायव्हरचे नंबर सांगायचो आणि तो हसून माझी पाठ थोपटायचा.

मग इथल्या पोरांनाही हौस चढली. दर शुक्रवारी जुम्मा आणि जेवण उरकून जुमेराच्या किनाऱ्यावर शर्यत. ओहोटीला ओली वाळू डांबरासारखी घट्ट होते. तीन टॅक्सी, दोन पिकअप, एक मासे नेणारी व्हॅन, अशा सहा गाड्या. मी कधी स्टीअरिंगला हात लावला नाही. लाल लुंगी काठीला बांधून मी झेंडेवाला. बस्स. माझ्यावर दुसरं काम होतं ओहोटीची वेळ सांगायचं, कारण माझे अब्बा गलबतावरचे तांडेल हे सगळ्यांना माहीत, आणि मी स्वतःही ते फार लोकांना विसरू देत नाही.

चूक झाली ती इथे. त्या शुक्रवारी चाँदची बारावी तारीख. आपला रत्नागिरीचा हिशोब तुम्हाला तोंडपाठ आहे: तारखेची पाऊणपट केली की भरतीची वेळ. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊला भरती आणि दुपारी तीनला पूर्ण ओहोटी. मी छाती काढून तीन वाजताची शर्यत जाहीर केली. माझ्या खोलीतला यूनुस म्हणाला, शौकत, इथल्या मच्छीवाल्याला एकदा विचारून घे. मी म्हटलं, मियाँ, समुद्र सगळीकडे एकच. (मामू, नाही. इथला समुद्र आपली पाऊणपट मानत नाही. तो काय मानतो ते अजून मला कळलेलं नाही.)

त्यात आमचे अरबाब, दुकानाचे मालक अहमद, नवी कोरी गाडी घेऊन बघायला आले. मला म्हणाले, कुठे लावू? मी म्हटलं, हबीबी, अगदी पुढे लावा, पाणी आता तासभर तरी पुढे येत नाही. गाडी लावून ते लांब वाळूच्या टेकाडावर चटईवर कहवा प्यायला बसले. मी लुंगी हलवली, यल्ला म्हटलं, सहा गाड्या सुटल्या. त्या वळून परत येईपर्यंत पाणी माझ्या घोट्याला लागलं. मागे पाहतो तर अरबाबच्या गाडीची चाकं अर्धी बुडालेली, आणि चावी आत.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? बसलो. चालू केली. सरळ टेकाडाकडे जावं तर मधे भुसभुशीत वाळू, चाकं रुतली असती. मग पाण्याच्या कडेकडेनं जिथे वाळू घट्ट होती तिथून हाणली. त्याच पट्टीवरून त्या सहा गाड्याही घाबरून पळत होत्या, म्हणून मी त्यांच्या मधे दिसलो. माशांची व्हॅन आडवी आली तेव्हा थोडं डावीकडून काढावं लागलं. हारुननं लांबून बघितलं आणि त्याला वाटलं शर्यत. मी फक्त मालकाचा माल वाचवत होतो. मी गाडीतून उतरल्यावर अरबाबनी माझं कपाळ चुंबलं आणि पगाराचा विषय स्वतःहून काढला, एवढं पुरे नाही का?

मामू, खरं सांगतो, त्या तीन मिनिटांत मी इतका खूश होतो की मला रडू आलं. पण तुम्हाला शब्द दिला आहे. पुन्हा शर्यतीच्या पट्टीवर स्टीअरिंग धरणार नाही, अल्लाह कसम.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
शौकत

ता. क. वरच्या शपथेला यूनुस साक्षी आहे. तो म्हणतो, झेंडा हलवण्याबद्दल शपथेत काही नाही हेही लिही. लिहिलं.

ता. क. दोन. खरी गोष्ट ही की अरबाबनी बकरी ईदनंतर दोन महिन्यांची रजा मंजूर केली आहे. मोहरमच्या आत निकाहची तारीख धरता आली तर बोटीचं तिकीट काढतो. मुमानींना विचारून इन्शाल्ला लवकर कळवा, मी दुसऱ्या कशात लक्ष घालू शकत नाही.

ता. क. तीन. पत्र बंद करता करता धाकट्या बहिणीचं, साजिदाचं पत्र आलं. हारुनची कहाणी सगळ्या मोहल्ल्यानं ऐकली म्हणे. साजिदाच्या सहीखाली एक ओळ वेगळ्या अक्षरात आहे, नाव नाही. ती अशी: ‘शपथा बिपथा राहू द्या, कितवा नंबर आला ते हारुनला नीट सांगता येत नाही.’ एवढंच. अक्षर ओळखायला मला पाच मिनिटं लागली, तुम्हाला तेवढीही लागणार नाहीत. निकाहाआधी मी तिला परस्पर लिहिणं बरं दिसणार नाही, म्हणून मामू, मेहरबानी करून तुम्हीच आत जाऊन त्या भित्र्या मुलीला सांगा: पहिला.