हाई टाकी खास

६ जानेवारी
धुळ्यात पोचले एकदाची! एमआयडीसीतल्या कारखान्यात मी आता झीज मोजणारी बाई. नाण्याएवढ्या स्टेनलेस स्टीलच्या चकत्या गरम सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत तारेने सोडायच्या, आठवड्याने काढून तोलायच्या. जितक्या झिजल्या, त्यावरून टाकीची स्टीलची भिंत किती टिकेल ते सांगायचं. आधीचा रुपचंद म्हणे न सांगताच नोकरी सोडून गेला. टाकीवरच्या पितांबरनानांनी शिंदखेड्याहून आणलेली कळण्याची भाकरी खाऊ घातली आणि हळूच म्हणाले, "ताई, हाई टाकी खास." केवढा अभिमान! मलाही आवडली, म्हटलं. नानांचा चेहरा उतरला. माझ्यासारख्या सांगलीकरांचं कौतुक इथे पचत नसावं.

१३ जानेवारी
चकत्या तोलल्या. भिंत फार तर दोन महिने. रुपचंदच्या नोंदीही तेच सांगतात. सुपरवायझर चुडामणभाऊ हसले, आकडा बदलून सही करा म्हणाले. मी कशाला करू? त्या भिंतीखाली बारा माणसं काम करतात. साफ नाही म्हटलं.

२० जानेवारी
तीन चकत्या सोडल्या होत्या. तारेला अडकून चौथं काहीतरी वर आलं. स्टीलची लांबट पट्टी, मोडलेल्या हाडाला बसवतात तशी, एक स्क्रू अजून रुतलेला. नानांनी पट्टी ओळखली. रुपचंदचा पाय मोटरसायकलवरून पडून मोडला होता.
स्क्रूच्या डोक्याखालची जागा झिजली नव्हती. तिच्याशी ताडून बाकीची झीज मोजली. पट्टी टाकीत बेचाळीस दिवस होती. रुपचंद जाऊनही बेचाळीसच.
नाना रडत म्हणाले, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांच्या बोलीत खास म्हणजे खाते.
मूर्ख मी. मूर्ख.

२१ जानेवारी
पट्टी सापडल्याचं चुडामणला कळलं. त्याने नानांना माझ्यासमोर मारलं. लोखंडी नळीने, तोंडावर. दात फरशीवर सांडले. मग मानगूट धरून त्यांचा हात टाकीत— कोपरापर्यंत— वर आला तेव्हा बोटांवर कातडी नव्हती—
मी पळाले. म्हाताऱ्याला सोडून पळाले. लाज वाटते.

दुपारी साडेतीन
प्रयोगशाळेला आतून कडी. माझा फोन चुडामणकडे. नानांचं ओरडणं थांबलं.
सही कर म्हणतो, नाहीतर—
नाही करणार. बारा माणसं.
दार फुटतंय. रुपचंद पट्टीमुळे सापडला. माझ्या अंगात स्टील नाही.
चकती सात. वजन ५.०२१४ ग्रॅम. पाण्याबरोबर गिळली. घसा सोलला, रक्त— गेली खाली. वही तराजूखाली सरकवते. माझ्या जागी जी येईल, तिने चकती टाकीतून काढून तोल—