कमी मिठाची बरणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, कापडगिरणीतून निवृत्त, माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत असे वकीलबाई सांगतात. आधीच्या मृत्युपत्रात मी सगळे मुलाला दिले होते. ते रद्द समजावे.

कलम १. दोन खोल्यांचे घर आणि मागची बाग, काकडीच्या मांडवासकट, माझ्या सुनेला. मुलाचा आणि तिचा काडीमोड होऊन अकरा वर्षे झाली, कागदोपत्री ती माझी कुणी नाही, तरी मी दुसरा शब्द वापरणार नाही. ती हल्ली एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. पत्ता वकीलबाईंकडे आहे.

कलम २. खुरपी, झारी आणि फावडे ज्याला बाग करायची असेल त्याला. धाकट्या दिराला काही नाही. "उद्या आणून देतो, वहिनी," म्हणून त्याने कुदळ नेली, त्याला सतरा वर्षे झाली. तीच त्याने वारसा म्हणून ठेवून घ्यावी.

कलम ३. चिनीमातीच्या चार बरण्या समोरच्या शिंपिणीला. पाचवी, निळ्या काठाची, फोडून टाकावी. कारण असे.

मिठाच्या पाण्यात काकड्या आंबवण्यात माझा हात धरणारे कुणी नव्हते. बोटाएवढ्या काकड्या सकाळी तोडायच्या, फुलाकडचे टोक कापायचे, नाहीतर त्या मऊ पडतात. लिटरभर पाण्याला तीन मोठे चमचे मीठ, आणि वर दगड, म्हणजे काकडी पाण्याबाहेर डोके काढत नाही. बारा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी माझ्या यजमानांना रक्तदाबासाठी मीठ तोडायला सांगितले. काकडीशिवाय ह्यांना घास उतरत नसे. मी कुणाला न सांगता ह्यांच्या बरणीत तीनऐवजी एकच चमचा मीठ घातले. मला वाटले, डॉक्टरांचेही ऐकले आणि नवऱ्याचेही मन राखले.

पाणी मी केले होते, काकड्या सुनेने भरल्या होत्या. आठव्या दिवशी ती म्हणाली, "आई, ह्या बरणीला वास येतोय. काकड्या बुळबुळीत झाल्यात. टाकून देऊ का?"

मी म्हणाले, "आधी तुझे केस पिकू देत, मग माझ्या बरणीला नावं ठेव."

वास मलाही आला होता. तिच्यासमोर कमीपणा नको म्हणून दुपारी मी त्यातल्याच काकड्या ह्यांना वाढल्या. उलट्या थांबेनात. चौथ्या दिवशी हे गेले.

दवाखान्यातून परत आल्यावर मुलाने विचारले, "ती बरणी कुणी भरली?" मी म्हणाले, "हिने." ते खोटे नव्हते. सून ओरडली, "मी सांगितलं होतं आईंना, वास येतोय म्हणून! विचार त्यांना!" त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "मला नाही बाबा काही आठवत." त्याने तिच्या थोबाडीत मारली. तीन महिन्यांत ती घर सोडून गेली. सगळे खापर तिच्या डोक्यावर फुटले आणि मी मूग गिळून बसले, कारण त्यात मुलगा माझ्या वाट्याला आला.

कलम ४. मुलाला त्याच्या वडिलांचे घड्याळ आणि वरची हकिगत. ही माझ्यामागे त्याला वाचून दाखवायची असे ठरले होते. वकीलबाईंनी विचारले, "मावशी, जिवंतपणी का नाही सांगत?" मी म्हणाले, "तो रोज संध्याकाळी गॅरेजातून थेट माझ्याकडे येतो. पायाला तेल लावून देतो. सांगितलं तर यायचा नाही." त्यांनी पेन खाली ठेवले. मला माझीच लाज वाटली.

म्हणून गेल्या रविवारी त्याचे जेवण झाल्यावर मी त्याला कलम तीन वाचून दाखवले. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "ती खरं बोलत होती आणि मी मारलं तिला." मग त्याने ताट धुतले, पुसून जागेवर ठेवले आणि निघून गेला. ओरडला असता तर बरे वाटले असते.

कलम ५. घराबद्दल मुलाने सुनेशी भांडू नये. तिला घर नको असेल तर तिने विकावे, पाडावे, तिची मर्जी. मला माफ कर असे मी तिला लिहिणार नाही, कारण मग नाही म्हणण्याचे ओझेही तिच्यावरच पडेल.

कलम ६. माझे अंत्यविधी मुलाने करावेत असे मसुद्यात होते. आज शुक्रवार. तो तेव्हापासून आलेला नाही. ते नाव मी माझ्या हाताने खोडले आहे, खाडाखोडीवर सही केली आहे, आणि जागा मोकळी ठेवली आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १२ जुलै
सही: (मृत्युपत्र करणारी)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली. समज पक्की होती.
साक्षीदार १: समोरच्या घरचा शिंपी, शिंपिणीच्या बरण्यांशी संबंध नाही असे सांगून
साक्षीदार २: पोस्टमन